माळावर खड्डे घेण्याआधी

पाऊस सुरू झाला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर वृक्षारोपणाची आमंत्रणं फिरू लागतात. ठिकाण बहुतेक वेळा शहराबाहेरची एखादी ‘उजाड’ टेकडी. झाडं लावणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माळ उजाड नसतो हो. श्रावणात जरा खाली बसून बघा.

घोट्याच्या उंचीवर, कुसळीच्या काड्यांमधून काहीतरी निळसर भिरभिरताना दिसेल. ते ‘लेसर ग्रास ब्लू’ नावाचं फुलपाखरू असू शकतं. पंख पसरले तरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. नर वरून फिकट जांभळट निळा, मादी तपकिरी. पंख मिटले की राखाडी रंग आणि बारीक ठिपके, मग ते समोर असूनही सापडत नाही. २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेलं नीलवंत सगळ्यांना ठाऊक आहे. या चिमुकल्याकडे कोण बघतं?

त्याची मादी अंडी घालते ती नीळ आणि तिच्या भाऊबंदांवर, म्हणजे जमिनीलगत वाढणाऱ्या शेंगावर्गीय रोपट्यांवर. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड पाझर सुटतो. मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात अळीच्या शत्रूंना हुसकावतात. मोठं झालेलं फुलपाखरू एकदांडीसारख्या बारक्या फुलांवर जगतं. या सगळ्या संसाराला लागतं ते मोकळं ऊन. तिथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाट लागवड केली की सावली पडते, पालापाचोळा साठतो आणि ती रोपटी मरतात. जेसीबीने चर खणले तर तेवढाही वेळ लागत नाही.

हे फुलपाखरू आज दुर्मिळ नाही, म्हणूनच आत्ता बोलतोय. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. इतक्या झाडांसाठी जागा शोधताना नजर माळांवरच जाते, कारण सरकारी दफ्तरात ते ‘पडीक’. त्याच माळांवर चंडोल आणि तित्तर घरटी करतात, मेंढपाळांच्या मेंढ्या चरतात. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत तेही गवत आहे म्हणून.

झाडं जरूर लावा. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, जिथे जंगल तुटलंय तिथे. टेकडीच निवडायची असेल तर आधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे काय उगवतं ते बघा, गुराख्यांना विचारा, गवत जाणणाऱ्या एखाद्याला सोबत न्या. यंदा तुमच्या ग्रुपचं ठिकाण ठरलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी यायला तयार आहे.