बोटीवरची माणसं शिष्ट निघावीत म्हणून

क्रूझ बुक झाली की नागपूरच्या माणसाला दोन प्रश्न पडतात. बोट लागली तर काय, हा पहिला. त्याला मेडिकलवाला गोळी देतो. दुसऱ्याला गोळी नाही. "तिथले लोक कसे असतात जी? बोलतात-चालतात, की नाक वर करून बसतात?"

माझं ऐका. हा प्रश्न बोटीवर जाऊन सोडवायचा नसतो, धरमपेठेतल्या दिवाणखान्यातच सोडवून निघायचं असतं. लोक शिष्ट असतात, हे एकदा घरी ठरलं की पुढचे चार दिवस सोपे जातात. नाहीतर ओळखी होतात. ओळखी झाल्या की नंबर द्यावे लागतात, आणि नंबर दिले की आयुष्यभर रोज सकाळी उगवता सूर्य आणि सुविचार येतो.

आता समुद्र आपल्यापासून समृद्धीने गेलं तरी सातशे किलोमीटरच्या वर. आपला नौकानयनाचा अनुभव अंबाझरीच्या पायडल बोटीइतका. तेव्हा तयारी लागणारच.

सगळ्यात आधी माणसं जमवा. चौदाच्या खाली जाऊ नका. घरचे आपण चौघं, दोन साडू, त्यांच्या बायका, प्रत्येकी दोन पोरं, सासूबाई आणि 'मी येत नाही' म्हणत सगळ्यात आधी पैसे भरणारे काकाजी. चौदा जण एकत्र हिंडले की बाहेरच्या जगाकडे आपोआप चौदा पाठी येतात. पाठीशी बोलायला सहसा कुणी येत नाही. मग परत आल्यावर "चार दिवसांत एक माणूस बोलला नाही हो" हे वाक्य शपथेवर म्हणता येतं.

जेवणाच्या बाबतीत फार सावध राहा. पुष्कळ बोटींवर रात्रीच्या जेवणाची वेळ आणि टेबल ठरवून देण्याची जुनी पद्धत अजून आहे. तेच टेबल, तोच वेटर, तीच शेजारची माणसं. पहिल्या रात्री नुसती मान हलते. दुसऱ्या रात्री "आपण कुठचे?" होतं. तिसऱ्या रात्री समोरच्या बाईंना तुमच्या गुडघ्याचा इतिहास आणि तुम्हाला त्यांच्या सुनेचा स्वभाव पाठ झालेला असतो. अशाने मैत्री होते. म्हणून हव्या त्या वेळी जेवण्याची सोय निवडा, आणि दारातच सांगा की टेबल वेगळं हवं. कुणी अनोळखी जोडप्यासोबत बसवू लागलं तर सासूबाईंच्या उपवासाचं कारण चालतं. उपवास नसला तरी चालतं.

इथे एक तांत्रिक अडचण सांगून ठेवतो, कारण एजंट सांगणार नाही. १९१२ सालच्या टायटॅनिकवर सोय चांगली होती. पहिला, दुसरा, तिसरा वर्ग, आणि तिसऱ्या वर्गासाठी मध्ये फाटकं. कोण शिष्ट ते तिकिटावरच कळायचं. आता तसं राहिलं नाही. म्हणजे पुरतं गेलंही नाही. २००४ पासून फिरणाऱ्या क्वीन मेरी २ वर तुमची केबिन कोणती, त्यावर जेवणाची खोली ठरते: वरच्या सुइटवाल्यांना क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांना प्रिन्सेस ग्रिल, बाकी बहुतेक मंडळी ब्रिटानियात. एमएससी कंपनीच्या काही बोटींवर यॉट क्लब असतो, नॉर्वेजियन कंपनीच्या काही बोटींवर हेवन. आत त्यांचं वेगळं हॉटेल, वेगळा सनडेक, आणि दाराला कार्ड लावल्याशिवाय आत शिरता येत नाही.

अडचण लक्षात आली ना? ज्यांना कुणात मिसळायचंच नाही, त्यांनी त्याचे रीतसर पैसे भरले आणि ते दाराआड गेले. तुमच्या वाट्याला ते येतच नाहीत. बुफेच्या रांगेत तुमच्या पुढे हातात प्लेट घेऊन जो उभा आहे, तो बोलायला तयार असलेलाच माणूस निघण्याची भीती मोठी. आयकॉन ऑफ द सीज ही २०२४ पासून चालणारी बोट घ्या. वीस डेक, आणि एका केबिनला दोन माणसं धरली तरी ५,६१० प्रवासी. एवढ्यांत शिष्ट माणूस हुडकायचा म्हणजे इतवारीच्या बाजारात सुट्टे मागण्यासारखं आहे. म्हणून पुरवठा कमी पडला तर शिष्टपणा घरूनच न्यावा लागतो.

त्यासाठी केबिन उपयोगी पडते. सगळ्यात स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. (तिला लोक अंधारी म्हणून नावं ठेवतात, ते मला कधी कळलं नाही. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या, जाड पडदे लावून, कूलर घरघरवत आपण जी खोली मुद्दाम अंधारी करतो, तीच खोली इथे हलते, एवढाच फरक.) तुम्ही बाल्कनी घेतली असेल तर उत्तमच. कुणीही "गुड मॉर्निंग" म्हणालं की लगेच विचारायचं, "विच डेक?" त्याने खालचा आकडा सांगितला तर "अच्छा" म्हणायचं. नुसतं "अच्छा". त्यातला 'च्छा' जरा लांबवला तर गडी दुसऱ्या दिवशीपासून लिफ्ट सोडून जिना वापरतो.

लाइफ जॅकेटच्या कवायतीला मात्र इलाज नाही. २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले आणि बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ही कवायत प्रत्येकाला करावी लागते. आता पुष्कळ ठिकाणी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठरलेल्या जागी नुसती हजेरी लावली की भागतं. पण जिथे अजून जॅकेट अंगावर चढवायला लावतात, तिथे सुइटवाला आणि बिनखिडकीवाला सारखाच नारिंगी दिसतो. सगळा डेक कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांचा ढीग ओतल्यासारखा. त्या वेळी कुणाशी नजरानजर करू नका. लोक हसतात, आणि हसण्यातून बोलणं निघतं.

खरा धोका स्विमिंग पूलच्या काठी आहे. मी पाहिलेलं सांगतो. सकाळचे साडेसहा. डेकवर चिटपाखरू नाही, पण पहिल्या दोन रांगांतल्या सगळ्या आरामखुर्च्या भरलेल्या. माणसांनी नव्हे, टॉवेलांनी. एका टॉवेलवर चष्मा, एकावर उघडं पालथं पुस्तक, एकावर एकच चप्पल. खुर्चीचा मालक खाली ऑम्लेट खात असतो. काही कंपन्यांचा नियम आहे की अर्धा-पाऊण तास कुणी फिरकलं नाही तर कर्मचारी सामान उचलतात. मी बघत होतो, तेवढ्यात एक सत्तरीचे गोरे काका आले, इकडेतिकडे पाहिलं, बायकोच्या खुर्चीवरची चप्पल उचलून दोन खुर्च्या पलीकडे ठेवली आणि टॉवेल मधोमध पसरला. दोनाच्या तीन झाल्या.

मला गणेशपेठचा स्टँड आठवला. एसटी पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी पोरगं आत टाकून जागा धरणारी आपली माणसं. कोणत्या लांबच्या देशातला हा माणूस, आणि हात तोच! एका क्षणात मला ते काका इतके जवळचे वाटले की मी जवळजवळ "नमस्कार" म्हणणार होतो. त्यांनीही माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. तुमच्यावर असा प्रसंग आला तर ताबडतोब समुद्राकडे तोंड करा. समुद्र सगळीकडे असतो, तेवढी सोय आहे.

दुपारच्या क्विझला जाऊ नये. सहा-सहाच्या टोळ्या करतात आणि दोन माणसं कमी पडली की वाटेल त्याला बोलावून बसवतात. एकट्याने फिरणाऱ्यांचा मेळावा असतो, तिथेही नको. रात्री सूट घालायचा कार्यक्रम असेल त्या दिवशी लग्नातला सूट घालून, श्वास रोखून उभं राहावं. श्वास रोखलेला माणूस आपोआप खानदानी दिसतो आणि बोलू शकत नाही.

पण गोरे, सिंगापूरचे, गुजराती हे सगळे सांभाळता येतात. सांभाळता येत नाहीत ते आपले. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी बोट असो की सिंगापूरहून तीन रात्रींची, तिसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडतं आणि आतून आवाज येतो, "अबे थांब ना, भरून राहिली लिफ्ट!" पोटात धस्स होतं. आत एक कुटुंब. बाईंच्या हातात चिवड्याचा डबा, पोराच्या गळ्यात रूमच्या कार्डाची दोरी. काका तुमच्याकडे आशेने बघतात. "नागपूरचे काय जी?"

इथे कच खाऊ नका. नजर वरच्या आकड्यांवर. सात, आठ, नऊ. बायकोशी इंग्रजीत बोला. येत नसेल तर नुसतं "याह" म्हणा. दहाव्यावर उतरा, तुमचा मजला बारावा असला तरी. उरलेले दोन मजले जिन्याने चढता येतात, आणि वर पोहोचल्यावर कुटुंबाला सांगता येतं, "पाहिलं? कुणी बोलत नाही कुणाशी इथं."

परतीला मात्र मुंबईहून दुरांतो असते आणि रेल्वेला डेक नसतात. समोरच्या बर्थवर तेच कुटुंब. काका चादर उलगडता उलगडता म्हणतील, "अरे बाप्पा! तुम्ही पण बोटीवर होते काय?" नाकारू नका, गळ्यात अजून तीच दोरी आहे. "होतो," म्हणा, आणि ते पुढे काही बोलायच्या आत विचारा, "इनसाइड होती का तुमची?"

तेवढ्यात काकू डबा उघडतील. चार दिवस समुद्र फिरून आलेला तो चिवडा थोडा मऊ पडलेला असतो. घ्या. दोन मुठी घ्या.