स्वस्ताईने नव्हे, वॉरंटीने
ह्युंदाईने जग जिंकलं ते स्वस्त गाड्यांच्या जोरावर, हे ह्युंदाईवरच्या एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. स्वस्ताईचा प्रयोग अमेरिकेत १९८६ मध्येच झाला होता. ह्युंदाईची एक्सेल ही छोटी, स्वस्त गाडी पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर खपली, पण दर्जा इतका सुमार की कंपनीचं नावच खराब झालं. कंपनी रुळावर आली ती तिचे तेव्हाचे प्रमुख चुंग मोंग-कू यांनी दर्जाचा ध्यास घेतल्यावर. इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी! गाडी बिघडली तर भुर्दंड कंपनीलाच, मग कारखान्यातच चुका पकडणं भाग होतं.

आमच्याकडे ह्युंदाईची सँट्रो होती. छत उंच, त्यामुळे गुडघे दुखणारी आजीसुद्धा फारसं न वाकता सरळ सीटवर बसायची. मारुती ८०० पेक्षा महाग असूनही बाबांनी तीच घेतली, ती यासाठीच.