ठिबकचा भाग घाईत आटोपला

भवरलाल जैन आणि त्यांच्या कुटुंबाने जळगावात उभारलेल्या प्लास्टिक पाइप उद्योगावरील (जैन इरिगेशन) तुम्ही छापलेला लेख माहितीपूर्ण आहे. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेला रॉकेलचा व्यवसाय, १९७८ मधील पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) बनवण्याचा कारखाना आणि १९८० पासूनचे पीव्हीसी पाइप हा क्रम लेखकाने नीट मांडला आहे; मात्र ज्या ठिबक सिंचनामुळे हे नाव बांधाबांधावर पोहोचले, तो भाग दोन ओळींत आटोपला, हे पटले नाही.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी पट्ट्यात भूजल खोल गेल्यापासून संत्र्याच्या बागा ठिबकवरच तगून आहेत. शेतातली काळी नळी पॉलिथिनची असते आणि उन्हाने ती तडकू नये म्हणून तिच्यात काजळी मिसळलेली असते. आमच्याकडच्या मे महिन्यात त्या काजळीचा कस लागतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळीतून थेंब सोडणाऱ्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि तो आम्ल सोडून धुवावा लागतो. (खारुताई नळ्या कुरतडतात, ते वेगळेच.)

ठिबकवरील सरकारी अनुदानाच्या थकबाकीत अडकलेला कंपनीचा पैसा, २०१९ मधील कर्जफेडीची अडचण आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसायाचे रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीत झालेले विलीनीकरण यांचाही लेखात उल्लेख नाही. संस्थापकाच्या कष्टांइतकीच जागा या पडत्या काळाला मिळायला हवी होती, कारण अनुदान रखडले की कंपनीबरोबर आमच्यासारख्या शेतकऱ्याचेही हिशेब कोलमडतात.