धुराची गाडी आली म्हणून डेंग्यू जात नाही

कोल्हापुरातल्या पेठांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: डेंग्यू गटारी आणि जयंती नाल्यामुळं पसरतो, आठवड्यातून दोनदा धूर मारला की साथ थांबेल, घरात डासांच्या अळ्या आहेत का ते तपासायला येणारे नुसती सही घेऊन जातात, त्यांना दारातूनच परत पाठवा, रात्री मच्छरदाणी लावली की बास. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाल्याच्या काळ्या पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास. रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडतो तो हा, आणि हत्तीरोगही हाच पसरवतो. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास वेगळा: एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला. त्याला आवडतं साठवलेलं स्वच्छ पाणी. नाला साफ झालाच पाहिजे, त्या निवेदनावर पहिली सही माझी. पण तेवढ्यानं डेंग्यू थांबणार नाही.

"आमच्या घरात कुठलं आलंय डबकं?" असं मीही म्हणायचो. मग एका पावसाळ्यात तपासणीला आलेल्या ताईंनी आमचा फ्रिज पुढं ओढायला लावला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. टॉर्च मारला तशा बारीक अळ्या वळवळत तळाला गेल्या. आम्ही गप्प उभे राहिलो, तर मिनिटभरात एकेक करून वर आल्या आणि डोकं खाली, शेपूट पाण्याच्या पृष्ठभागाला लावून लटकल्या. आईनं तोंडाला पदर लावला. दोन वेळा फरशी पुसणारं घर आमचं!

आता धूर. त्यानं फक्त उडणारे डास मरतात, तेही धुरात सापडले तर. एडिस विसावतो घरात: कॉटखाली, पडद्यामागं, खुंटीवरच्या कपड्यांत. आणि गाडी गल्लीत शिरली की आपण आधी काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो. तिकडं पाण्यातल्या अळ्यांना धुराचा काही त्रास नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी पिढी हजर. शिवाय तेच औषध वारंवार मारलं की डासांना ते पचायला लागतं. रुग्ण सापडला तर त्याच्या घरात आणि आसपास लगेच फवारणी जरूर करावी, विषाणू घेऊन फिरणारे डास मारायला तिचा उपयोग आहे. दर आठवड्याचा उपाय तो नव्हे.

एडिसची अंडी बॅरेलच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेल्या पाण्याची सगळी भांडी रिकामी करायचा दिवस, पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला लागतात. गच्चीवरच्या टायरमधली उन्हाळ्यात सुकलेली अंडी जूनच्या पहिल्या पावसात फुटतात. त्यामुळं नियोजन एप्रिल-मेमध्येच हवं, रुग्ण वाढल्यावर नव्हे. पाणी रोज येत नसेल तर माणसं बॅरेल भरून ठेवणारच, त्यात त्यांचा दोष नाही. झाकण नसेल तर जुनी साडी दुहेरी करून घट्ट बांधा.

तपासणीला दारातून परत पाठवणं तर सगळ्यात घातक. एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा जन्मल्या जागेपासून काही शे मीटरच्या आतच राहतो. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच गल्लीतला असतो. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, त्याला गृह निर्देशांक म्हणतात. माणसं आणि अळीनाशक आधी कुठं पाठवायचं, हे त्यावरून ठरवता येतं. दारं बंद राहिली तर तो आकडाच खोटा. कुणी नुसती सही मागत असेल तर त्यांना आत बोलवा, टाकीवर न्या, झाकण उघडून दाखवा, मग सही करा.

मच्छरदाणीचं म्हणाल, तर एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. दुपारी झोपणाऱ्या बाळाला जाळी लावा. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्यालाही दिवसा जाळीतच ठेवा. त्याला चावलेला डास साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो.

मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर धुराच्या गाडीच्या जागी ही मागणी घाला: आमच्या भागात या आठवड्यात किती घरं तपासली, किती घरांत अळ्या निघाल्या, किती घरं बंद होती, हे तिन्ही आकडे दर सोमवारी तालमीच्या फलकावर लावा.