टार्गेट शेवटी कुणाच्या दारात जातं?

आज सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'दोनपेक्षा जास्त पोरं झाली की रेशन बंद, मतदान बंद, सक्तीने नसबंदी.' खाली शाबासकीची रांग. त्यात दोघं डॉक्टर. डोकं सणकलं, म्हणून इथे लिहितेय.

माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. 1976 साल, आणीबाणी. वरून फर्मान आलं, नसबंदीच्या केसेस आणा, नाहीतर पगार अडकेल. आणि अडकलाच. मग अण्णांनी कुणाला नेलं? पाटलाला नाही, किराणावाल्याला नाही. दर पावसाळ्याआधी आमचं घर शाकारायला यायचा त्या गड्याला नेलं. त्याला एकच मुलगी. आम्ही घरात दोघं भावंडं, आणि एका मुलीच्या बापाला अण्णा घेऊन गेले! गुरुजी म्हणतात म्हटल्यावर तो निमूट निघाला. पहिला अंगठा फरकटला, कारकून खेकसला, तेव्हा अण्णांनीच त्याचा अंगठा धरून कागदावर दाबला. झाली संमती.

1976-77 मध्ये देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचा विषय निघाला की दिल्लीचं तुर्कमान गेट, हरियाणातलं उटावर गाव ही नावं आपण घेतो आणि तो सगळा उत्तरेतला प्रकार समजतो. अहो, तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक 1976 मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. पुढे आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित मृत्यूंच्या 1,774 तक्रारी आल्या. अविवाहितांची नसबंदी केल्याच्या 548. लग्नच न झालेल्या माणसाचं कसलं कुटुंब नियोजन?

पण त्या गड्यासारखे या तक्रारींच्या आकड्यांत नाहीत. तो मेला नाही, त्याने तक्रार केली नाही. अजून मूल हवंय का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. अण्णांनीसुद्धा नाही. त्याची बायको त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही.

लोकसंख्या हा प्रश्नच नाही असं मी म्हणत नाही. आहे, बरं. पण देशाचा सरासरी जननदर, म्हणजे एका बाईमागे होणारी मुलं, आज दोनवर आलाय, आणि तो पोलीस पाठवून आलेला नाही. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, झालेली मुलं जगू लागली. चीनने पस्तीसेक वर्षं एक मुलाची सक्ती केली, सातव्या-आठव्या महिन्यात बायकांचे गर्भपात केले. तेच सरकार 2021 पासून तीन मुलं होऊ द्या म्हणतंय. त्या बायकांना कोण काय परत देणार?

आणि आपल्याकडे 1977 नंतर काय झालं? पुरुष सुटले, बायका सापडल्या. आज नसबंदी म्हणजे जवळपास बाईचंच ऑपरेशन. 2014 साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका सर्जनने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली. डझनभराहून जास्त जणी गेल्या. अशी शिबिरं बंद करा, हे सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावं लागलं.

ग्रुपवरचे माझे मित्र वाईट नाहीत, हे मला कळतं. अण्णाही वाईट नव्हते. पगार अडकलेला, घरात दोन लहान पोरं, डोक्यावर साहेब. साहेबाच्या डोक्यावर कलेक्टर, त्याच्यावर मंत्री. प्रत्येकाने आपल्यावरचा दाब खाली ढकलला, आणि ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्यापाशी तो थांबला. शिकलेल्या, ओळखीपाळखी असलेल्या माणसाच्या दारात हे टार्गेट कधीच येत नाही, म्हणूनच त्याला ते पटतं.

आजही महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. मुलं किती हे ठरवतात नवरा आणि सासू, अर्ज बाद होतो निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या बाईचा! एवढा कडकपणा अंगात असेल तर तो आरोग्य केंद्रात नर्स आणि गोळ्या असाव्यात म्हणून दाखवा, मुलीचं लग्न अठराच्या आत होऊ नये म्हणून दाखवा. आणि ही अट आधी त्या बायकांच्या डोक्यावरून काढा.