ताटाची डावी बाजू

डॉक्टर तरुण आणि हसतमुख होते. "काकू, काहीही बंद करायचं नाही. सगळं खा. फक्त मीठ कमी," असं म्हणून त्यांनी बीपीच्या गोळीखाली एक ओळ खरडली. दिवसाला ५ ग्रॅम. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं आलं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ५ ग्रॅमच्या आतच म्हणते, असं मुलीने तिथल्या तिथे मोबाइलवर बघून सांगितलं. म्हणजे वरच्या कोर्टात अपील करायचीही सोय राहिली नाही.

माझं माहेर शिरोड्याचं. १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते शिरोडा. त्या गावच्या लेकीवर मीठबंदी!

ज्याने पान वाढलेलं पाहिलंय त्याला माझं दुःख कळेल. उजवीकडची भाजी-आमटी पोट भरण्यासाठी असते. पाटावर बसायचं ते डाव्या बाजूसाठी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड, आणि दहीभात असेल तर तळलेली सांडगी मिरची. पथ्य सुरू झालं आणि माझ्या ताटात डावीकडे लिंबाची फोड तेवढी उरली. कोशिंबीरही होती म्हणा, पण अळणी काकडीला कोशिंबीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्वयंपाक मीच करते, त्यामुळे छळही माझ्याच हातचा. आमटीला फोडणी द्यायची, डाळ घालायची, चिंच, गूळ, गोडा मसाला, चांगली उकळी आणायची, आधी माझी वाटी बाजूला काढायची आणि मग उरलेल्या पातेल्यात सगळ्यांचं मीठ. अळणी आमटी कधी नीट चाखून बघा. आधी गूळ लागतो, मग चिंच, मग मसाला. तिघं एकाच घरात राहतात पण बोलणं बंद आहे.

बरं, मीठ फक्त मिठाच्या बरणीत असतं, हा माझा भाबडा समज. पाकिटांच्या पाठी वाचायला लागले आणि झोप उडाली. पावात मीठ. गोड बिस्किटात मीठ. तिथे 'सोडियम' म्हणून छोटासा आकडा छापतात, तो बघून जीव भांड्यात पडतो. मग मुलगी सांगते, आई, त्याला अडीचने गुणायचं, तेव्हा मीठ कळतं. खायच्या सोड्यातही सोडियम, पापडखारातही सोडियम, त्यामुळे ढोकळा गेला आणि पापड दोन्हीकडून गेला. शेवटी म्हटलं, आंबटाचा आधार घेऊ, सोलकढी करू. आगळाची बाटली काढली. पण मीठ घातल्याशिवाय आगळ टिकतच नाही, हे माहेरी दरवर्षी डोळ्यांदेखत बघितलेलं. बाटली परत फडताळात.

सल्लागारांना तोटा नाही. शेजारच्या वहिनी सैंधव घेऊन आल्या. "हे उपासाचं, हे चालतं." उपासाला चालतं, बीपीला नाही. तेही मीठच, नुसतं गुलाबी. ह्यांच्या मित्राने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचं दुखणं किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते भलतंच अंगाशी येतं, म्हणून डॉक्टरांनी तेही काढून घेतलं. हे मात्र मला पटलं. जरासं कडवटच होतं ते.

सगळ्यात अवघड म्हणजे समोर बसलेल्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, बीपी १२०/८०, आणि पानात कैरीचं आणि लिंबाचं, दोन्ही लोणची. कैरीची फोड त्या साल उरेपर्यंत चोखतात, मग खार भाताला लावतात, मग बोट. माझी नजर लागत असणार, कारण एकदा त्या अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, नुसतं बोट लावून चाट. बोटाने काय होतंय?" माझं बोट बरणीत गेलं की किती खोल जातं, हे त्यांना ठाऊक नाही.

पण जिभेसारखी लबाड वस्तू नाही. काही आठवड्यांत ती सरावली. दुधी गोड लागतो हे मला या वयात कळलं. भाजलेल्या तिळाचा कूट आणि लिंबू असलं की गवारीलाही माणसात घेता येतं. आणि मग एका लग्नात पहिला घास घेतला आणि मी भर पंगतीत म्हणाले, "काय हो हे, भाजी खारट झालीय!" ह्यांनी चाखली. बरोबर होती. शेजारच्यांनी चाखली. बरोबर होती.

घोळ पुढेच आहे. मीठ घालताना अंदाज घेणारी जीभ हीच. हल्ली मला जे झणझणीत, चविष्ट, अगदी नेमकं वाटतं, ते घरातल्यांना पाणचट लागतं. मिठाची बरणी ओट्यावरून टेबलावर आली, आणि माझ्या ताटावरून इकडून तिकडे फिरायला लागली. परवा सासूबाईंनी आमटीत तिसरी चिमूट टाकली, ढवळली, चाखली आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बीपी हिचं, पथ्य आपलं."