एक चमचा म्हणजे नक्की किती?

सकाळी फॅमिली ग्रुपवर धाकट्या मावसबहिणीचा मेसेज, बाळ रात्रभर तापलंय, काय देऊ? पाच मिनिटांत सात उत्तरं. "एक चमचा तापाचं औषध दे, झोपेल." "आमच्याकडे मागच्या वेळचं उरलंय, पाठवू का?" सातातल्या एकानेही विचारलं नाही की बाळाचं वजन किती. डोकंच फिरलं माझं.

कुठला चमचा हो? घरातले चमचे काढून मोजा, एकात तीन मिली मावतं, दुसऱ्यात सात. आणि कुठलं औषध? पॅरासिटामॉलचं सिरप कुणाचं पाच मिलीत 125 मिलिग्रॅम, कुणाचं 250, आणि ड्रॉप्स असतील तर एकेका मिलीत 100! नाव तेच, वास तोच.

मला हे पाठ आहे कारण हा घोळ मी स्वतः घातलाय. मुलगा दीड वर्षाचा, रात्रीचे अडीच, अंग नुसतं भाजत होतं. सिरप संपलेलं, कपाटात ड्रॉप्स सापडले, मी अर्धवट झोपेत सिरपच्याच कपाने पाच मिली मोजून पाजले. झाकण लावताना लेबल वाचलं. पाचशे मिलिग्रॅम. म्हणजे मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी.

डॉक्टरांना उठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, वजन किती? मला सांगता येईना. गाडीचं अ‍ॅव्हरेज तोंडपाठ, पोराचं वजन नाही. मग त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो, त्याला बायकोकडे देऊन परत एकटा उभा राहिलो, वजाबाकी केली, अकरा किलो. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरले तर 165 च्या वर जायला नको होतं. मी तिप्पट दिलं होतं.

"एकदाच झालंय, लिव्हरला बहुतेक काही होणार नाही, पण मी सांगेपर्यंत पुढचा डोस द्यायचा नाही आणि सकाळी घेऊन या." ती रात्र आम्ही दोघं त्याचा श्वास ऐकत बसलो.

हो, बहुतेक वेळा काही होत नाही, आपणही चमच्यावरच वाढलो, मान्य. पण "झोपेल" म्हणजे काय?? हे झोपेचं औषध आहे का? ताप असूनही पोर खेळतंय, पाणी पितंय तर औषधाची घाई नको, आणि झोपलंय तर डोससाठी उठवायचंही कारण नाही. आणि सर्दीच्या सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिलं की डबल, लेबल कोण वाचतंय! चार ते सहा तासांचं अंतर, दिवसरात्र मिळून चारच वेळा, एवढं तरी पाळा. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या पोराला आयब्युप्रोफेन (तेही तापाचंच औषध) तर अजिबात नको, किडनीवर ताण येतो. अ‍ॅस्पिरिन सोळा वर्षांच्या आत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच, त्याने राय सिंड्रोम (Reye's) हा आजार होऊ शकतो, तो मेंदू आणि लिव्हर दोन्ही धरतो. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ 38 सेल्सिअसला गेलं की ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरकडे पळा.

चिडून लिहितोय खरा. "एक चमचा" म्हणणारी मावशी चार पोरांच्या उशाशी रात्र रात्र जागलीय, तिला मी काय शिकवणार. तिच्या हातून तर कधी चूक झाली नाही, माझ्या हातून झाली, तेही कप हातात असताना. चमचासुद्धा नव्हता.

ग्रुपवर शेवटी एवढंच लिहिलं, "वजन किती? आणि बाटलीचा फोटो टाक." मावशीने रागाची इमोजी टाकली. बाकी सगळे गप्प.

आत्ता बहिणीचा मेसेज आला. "साडेनऊ किलो. दादा, हे ड्रॉप्स आहेत, मी चमचा भरून ठेवला होता."